रिकाम्या खोल्यांचे टॉवेल

४ फेब्रुवारी

वन्सं,

आधी 'नमस्कार' लिहिला आणि खोडला. इतक्या वर्षांनी नुसता नमस्कार कसा घालायचा तेच कळेना. मी तुमची वहिनी, बेटावरून. पत्र फाडणार असाल तर निदान पान उलटून मग फाडा. रागावायला पुढे भरपूर सापडेल तुम्हाला.

फोनच करणार होते. शाळेचा नंबरही मिळवला. लाँचवाल्याची पुतणी तुमच्याच शाळेत शिकवते, ती म्हणाली, आमच्या मुख्याध्यापक बाई कडक आहेत पण शब्दाला पक्क्या. नंबर फिरवला आणि ठेवून दिला. तुम्ही "कोण बोलतंय?" म्हटलं असतंत आणि माझी दातखीळ बसली असती. पत्राचं बरं असतं, मधेच कुणी तोडत नाही.

इकडे सगळं ठीक. तुमचे दादा ठणठणीत आहेत. तुमची आठवण काढतात.

आता कामाचं. आपलं हॉटेल जातंय. 'आपलं' खटकलं तर खोडून 'तुमचं' वाचा, मला चालेल. आणि नुसतं हॉटेल जात नाही, राहतं घरही जातंय. जागा सरकारी भाडेपट्ट्याची आहे, मामंजी सारखं सांगायचे ते आठवत असेल: गिऱ्हाईक ठेवायचा परवाना आहे तोवर जागा आपली. परवाना गेला की वरच्या सहा खोल्याही गेल्या आणि खालचं स्वयंपाकघरही गेलं.

झालं असं. गेल्या महिन्यात जेटीवरच्या शेडमध्ये सभा झाली. 'बेटाच्या पर्यटनाचं भवितव्य.' पर्यटन खात्याचे साहेब आले होते, बोलायला अगदी गोड. पडद्यावर रंगीत चित्र दाखवलं. आपल्या हॉटेलच्या जागी हिरवळ, हिरवळीवर छत्री, छत्रीखाली एक बाई आडवी पडलेली. समोरच्या हॉटेलचे मिशीवाले (तुमच्या वेळी त्यांना मिशी फुटायची होती) उठून म्हणाले, "साहेब, ही बाई आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात झोपलीय!" सगळे पोट धरून हसले. साहेबही हसले. मग त्यांनी कागद काढून निर्णय वाचला आणि हसणारे जिथल्या तिथे गार पडले.

काय, तर ह्या बेटाला झेपतील त्याहून फार जास्त पर्यटक इथे राहतात. विहिरींचं पाणी त्यामुळे मचूळ होत चाललंय. म्हणून आमच्यासारखी जुनी लहान हॉटेलं बंद. पलीकडच्या टोकाला एकच मोठं हॉटेल, समुद्राचं पाणी गोडं करायच्या यंत्रासकट. आमच्या बाजूला त्यांची हिरवळ.

जास्त पर्यटक! कपाळ माझं! वन्सं, गेल्या सीझनला सहातल्या दोन खोल्या भरल्या की मी मनातल्या मनात हात जोडायची.

साहेबांना विचारलं, मोजले कसे? ते म्हणाले, अगदी शास्त्रशुद्ध. त्यांच्या माणसांनी लाँच भाड्याने घेतली, संध्याकाळी बेटाभोवती फेऱ्या मारल्या आणि गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले टॉवेल मोजले.

आता कळलं ना, मी तुम्हाला का लिहितेय?

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही. पत्र पोचलं नाही म्हणावं, तर लाँचवाल्याने स्वतः पेटीत टाकलं. म्हणजे पोचलं आणि तुम्ही गप्प आहात. हरकत नाही. मी बोलते, तुम्ही गप्प राहा.

विसरला असाल तर आठवण करून देते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सीझन पडला होता. मामंजी गल्ल्याशी मान घालून बसायचे आणि आपण दोघी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचो. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणजे नणंद, हुकूम तुमचाच. एक दिवस लाँच वळणावर दिसली आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, रिकाम्या खोल्यांचेही टॉवेल टाका बाहेर. लोकांना वाटू दे हॉटेल भरलंय." मी कोरडेच टाकायला निघाले तर माझ्यावर खेकसलात. कोरडा टॉवेल फडफडतो, म्हणे. बुडवून, पिळून टाका, तो जड लोंबतो, माणूस आत्ताच आंघोळ करून गेलाय असं वाटतं! त्या संध्याकाळी लाँचमधून उतरलेलं कुटुंब धावत वर आलं, खोली मिळेल ना हो, आणि कसलीही घासाघीस न करता राहिलं. आपण न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून हसलो. आठवतं?

मग सगळ्या बेटाने तेच धरलं. मिशीवाल्यांनी टॉवेलांबरोबर लहान मुलांचे कपडे टांगले, तर पलीकडच्यांनी दारात चपला मांडल्या. लाँच वळणावर येण्याआधी सगळ्या गॅलऱ्यांमध्ये एकच धावपळ. आता तर हे कुणाला फसवणं वाटतच नाही, झाडलोट करावी तसं करतो.

आणि गेल्या पावसाळ्यानंतर खबर आली की साहेब लोक पाहणीला येणार, जे बेट गजबजलेलं दिसेल त्याला नवी जेटी मिळणार. मग काय विचारता! सगळ्यांनी एकजुटीने ठरवलं, एकही गॅलरी रिकामी दिसता कामा नये. पुरेना म्हणून मी जुन्या चादरी फाडून टॉवेल केले. मिशीवाल्यांनी स्वतःचे कपडेही टांगले, दोन दिवस लुंगीवर फिरत होते. वन्सं, त्यांनी टॉवेल मोजले त्या आठवड्यात अख्ख्या बेटावर मोजून एक जोडपं होतं आणि तेही पोट बिघडून खोलीत पडलेलं.

आता आम्ही ओरडून सांगतोय, खोल्या रिकाम्या होत्या हो! कुणी ऐकेल तर शपथ. रजिस्टर दाखवलं तर साहेब म्हणतात, निम्मी गिऱ्हाइकं तुम्ही कर चुकवायला लिहीतच नाही. पाणी किती उपसलं ते बघा म्हटलं तर म्हणतात, तुमच्या विहिरींना मीटर कुठाय? लाँचवाला साक्ष द्यायला तयार आहे, पण त्याला हॉटेलांकडून कमिशन मिळतं. साहेबांचं म्हणणं, ज्याचा ह्यात काही फायदा नाही असा माणूस आणा.

असा माणूस जगात एकच आहे. आतली गोष्ट जिला ठाऊक आहे आणि मामंजींनी जिचा वाटा काढून टाकला, ती. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई. तुम्ही सांगितलंत तर साहेबांना खरं मानावंच लागेल.

सुनावणी मार्चमध्ये आहे, तुमच्याच शहरात. तुम्हाला बेटावर पाय ठेवायचीही गरज नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वन्सं,

चार ओळी मिळाल्या. चारही काळजात जाऊन बसल्या.

लिहिता, "ज्या घराने मला मेली समजून दार लावलं, त्या घरासाठी मी शहरभर स्वतःला लबाड म्हणवून घेऊ?" मी वाचलं, पत्र ओट्यावर आपटलं आणि मोठ्याने म्हणाले, नका येऊ! मोठ्या आल्या! मग दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, खोटं काय आहे त्यात?

तीन नंबरच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाशी तुम्ही लग्न केलंत. त्यात कसलं पाप होतं? भावजी भला माणूस. रोज स्वतःची चादर स्वतः घडी करून ठेवायचे, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण मामंजींना लोकांच्या तोंडाची भीती. हॉटेलवाल्याची पोरगी गिऱ्हाइकाबरोबर पळाली म्हटलं की कुठलं कुटुंब राहायला येणार? त्यांनी दार लावलं आणि तुमचे दादा बापाच्या मागे मान खाली घालून उभे राहिले. मी नवी सून, स्वयंपाकघराच्या दारात. मला कोण विचारत होतं!

आता खरं सांगते. दादा तुमची आठवण काढतात हे मी खोटं लिहिलं. ते तुमचं नाव घेत नाहीत. मी घेतलं तर उठून जातात. मी तुम्हाला पत्रं लिहिते हेही त्यांना ठाऊक नाही.

आणि ते ठणठणीत नाहीत. सभेपासून माणूस अर्धा झालाय. ताटात वाढलेलं तसंच राहतं. दाढी करायला लावावी लागते. लाँच आली की जेटीवर जाऊन उभे राहतात, आपल्याकडे कुणीच येणार नसतं तरी. परवा त्यांची हत्यारांची पेटी मिशीवाल्यांना देऊन आले. त्या पेटीला मला हात लावू द्यायचे नाहीत, वन्सं! साधा पाना उचलला तर घर डोक्यावर घ्यायचे. मी विचारलं, अहो, का दिलीत? तर म्हणाले, "मला काय करायचीय आता?"

ह्या माणसाला दुसरं काही येत नाही. खोली झाडायची, नळ दुरुस्त करायचा, आलेल्याच्या हातातली बॅग घ्यायची. त्यांना ह्या घरातून बाहेर काढलं तर काय होईल ते मला बघायचं नाहीये. आम्हाला मूलबाळ नाही. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

खोटं बोलायला नाही बोलावत, खरं बोलायला बोलावतेय. तुम्ही तेव्हा एकोणीस वर्षांच्या होता. त्या वयातल्या चलाखीबद्दल कोण तुम्हाला नावं ठेवणार आहे? आणि ठेवली तर माझ्यावर ढकला. सांगा, वहिनीने शिकवलं. माझं नाव गेलं तर कुठल्या शाळेतून काढणार आहेत मला?

पाया पडते, वन्सं. वयाने मोठी असून पडते.

वहिनी


८ मार्च

वन्सं,

"येते. साक्ष देऊन परत जाईन. बेटावर येणार नाही, कुणी आग्रह करू नये."

नाही करणार! तोंडातून शब्द काढणार नाही. तुमचं पत्र हातात घेऊन मी गॅलरीत गेले आणि चक्क रडले. मिशीवाल्यांनी समोरून बघितलं, धावत आले, काय झालं वहिनी, कोण गेलं? म्हटलं, कुणी गेलं नाही हो, येतंय!

मग दादांना सांगावंच लागलं. मी जीव मुठीत धरून सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते खाटेवर बसले आणि त्यांनी विचारलं, "स्वतःहून येतेय?" मी हो म्हटलं. थोडं खोटं होतं, पण त्या दिवशी माणूस दोन घास जास्त जेवला.

सुनावणी एकवीस तारखेला, सकाळी. पत्ता मागे लिहिलाय.

वहिनी


२३ मार्च

वन्सं,

तुम्ही साक्ष देऊन लगेच निघालात, शाळा गाठायची होती. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन दिवस धीर होत नव्हता, आज लिहिते.

आधी हे सांगते, की तुमच्यासारखं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. त्या खोलीत पंख्याचा केवढा आवाज, तरी तुमचा शब्द न् शब्द मागच्या बाकापर्यंत पोचत होता. "ही युक्ती माझी. मी ती एकोणीस वर्षांची असताना काढली, आणि त्याबद्दल मला आज लाज वाटते." मान ताठ. साहेबांनी विचारलं, टॉवेल ओले का करायचे? तुम्ही वर्गात समजावून सांगावं तसं समजावून सांगितलंत. ते लिहून घेत होते. मिशीवाले माझ्या कानात पुटपुटले, "वहिनी, जिंकलो आपण."

तुम्ही आत आलात तेव्हा दादा उठून उभे राहिले होते, बघितलंत का? तुम्ही साक्ष संपवून बाहेर जाईपर्यंत उभेच. शिपाई दोनदा बसा म्हणाला. मी हात ओढला. बसेनात.

तुम्ही गेल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाईंच्या साक्षीवर अविश्वास ठेवायला काही कारण दिसत नाही. आमच्या सगळ्यांचे चेहरे फुलले. मग म्हणाले, "म्हणजे ह्या हॉटेलांत गिऱ्हाईक येतच नव्हतं, असंच ना?"

मिशीवाले उत्साहाने म्हणाले, "काळं कुत्रंसुद्धा नाही साहेब!"

साहेबांनी बाजूच्या माणसाकडून परवान्याचे नियम मागवले आणि एक कलम वाचलं. परवाना चालू धंद्यासाठी असतो. धंदा चालू नसेल तर परवाना आपोआप रद्द. आणि बेटावर गर्दी नाहीच म्हटल्यावर पाण्याचा ताणही नाही, तेव्हा मोठ्या हॉटेलला ठरवल्यापेक्षा जास्त खोल्या बांधायला हरकत नाही. आवाज तोच, गोड. जाताना आम्हाला नमस्कारही केला.

टॉवेल खरे मानले तर गर्दी फार, म्हणून बंद. टॉवेल खोटे मानले तर गर्दीच नाही, म्हणून बंद. वन्सं, तुम्हीच सांगा, अशा माणसापुढे काय बोलायचं? मिशीवाले बाहेर पायरीवर बसले आणि मिशीत हुंदके देऊन रडले. माझ्या डोळ्यात पाणीच येईना.

तुमचा ह्यात काडीचा दोष नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही. मी बोलावलं, तुम्ही आलात, खरं बोललात. दोष कुणाचा ते शोधायची ताकद राहिलेली नाही माझ्यात.

परत येताना लाँचमध्ये दादा एकच वाक्य बोलले. "केस किती पांढरे झाले तिचे."

वहिनी


१६ एप्रिल

वन्सं,

नोटीस लागली. महिनाअखेरीला जागा खाली करायची. मिशीवाले त्यांच्या मेव्हण्याकडे चाललेत, पेट्या बांधून झाल्या. मोठ्या हॉटेलच्या माणसाने मला धुलाईखात्यात काम देऊ केलं होतं. मी विचारलं, राहायचं कुठे? म्हणाला, बेटावर फक्त पाहुणे झोपतील, कामगार सकाळच्या लाँचने येतील आणि संध्याकाळच्या लाँचने जातील. म्हटलं, अरे बाबा, जातील कुठे? चांगला पोरगा होता बिचारा, ओशाळला.

तुमच्या मागच्या पत्रातली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "वहिनी, मला बोलावलं नसतंत तर बरं झालं असतं, असं तुम्हाला वाटतं का?" नाही वाटत. घर जायचं होतं ते गेलं. पण तुमचं अक्षर ह्या घरात आलं, हे काय कमी झालं? मी मनापासून लिहितेय.

दादा आता बरे आहेत. ह्या वेळी खरंच, थाप नाही. नोटीस लागली त्या दिवसापासून शांत झालेत. दाढी स्वतःहून करतात. सगळ्या खोल्यांचे नळ तपासले, एक गळत होता तो मिशीवाल्यांकडून पाना मागून आणून दुरुस्त केला. म्हटलं, अहो, पाडणार आहेत हे! तर म्हणाले, असू दे. मला शहरात नेऊन एटीएममधून पैसे कसे काढायचे ते शिकवलं, दोनदा माझ्याकडून करून घेतलं. आकडा पाठ आहे ना, विचारलं. मी म्हटलं, तुम्ही आहात की काढायला, मला कशाला? तर हसले. कित्येक दिवसांनी हसले, वन्सं. मला इतकं बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. जन्मभर दारात उभी राहून लोकांना "या, आहे खोली" म्हणत आले. दुसऱ्या बाजूने विचारायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे जीभ रेटत नाही. पण दुसरं कुणी नाही आम्हाला.

तुमच्याकडे एखादी खोली मिळेल का? थोडे दिवस, मला काम लागेपर्यंत. आम्ही दोघंच. सामान फार नाही. मी स्वयंपाक बघेन, धुणं बघेन, दादा घरातलं काय मोडलंतोडलं ते बघतील. भावजींना विचारा. नाही म्हणालात तरी मी राग धरणार नाही.

दादांना हे वाचून दाखवलं. वाटलं होतं, नको म्हणतील. तर म्हणाले, "पाठव. खाली मी दोन ओळी लिहितो तिला." इतक्या वर्षांनी तुमचा भाऊ तुम्हाला लिहितोय! मी म्हटलं, तुमचं तुम्ही लिहा, मी वाचायची नाही, बहीणभावाचं आहे. पत्र त्यांच्या हातात देऊन मी दुपारची भांडी घासायला जातेय. पाकीट तेच बंद करून लाँचवर देतील.

लवकर कळवा. वाट बघते.

तुमची,
वहिनी

बाळे,

हिला नेऊन ठेव तुझ्याकडे. हिला एकटीलाच. ती येणार नाही म्हणेल, तू स्वतः येऊन ने, लवकर ये. मी हे घर सोडून कुठे जाणार नाही. हिला आत्ता काही सांगू नकोस.

दादा